माहेरवाशिणींचा गाडीफुटबॉल

गाडी कशालाही लागू द्यायची नाही, ही एकच गोष्ट मी बावीस वर्षं लोकांना शिकवत आलो आहे. चिंचवडला माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. स्कूल म्हणजे एक गाडी, एक पाटी आणि मी. गाडीत डाव्या सीटच्या पायाशी, म्हणजे माझ्या पायाशी, आणखी एक क्लच आणि ब्रेक बसवलेला आहे. शिकणारा गडबडला की मी तो दाबतो आणि समोरचा सायकलवाला वाचतो. एवढ्या वर्षांत माझ्या गाडीला साधा ओरखडा आलेला नाही. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवतही नाही.

त्यामुळे मेव्हण्याचा फोन आला तेव्हा माझा कानांवर विश्वास बसेना.

"दाजी, जत्रेला या. औंदा गाड्यांचा फुटबॉल ठेवलाय."

"म्हणजे काय?"

"म्हंजी गाडीनं बॉल ढकलायचा आन् गोल करायचा. तिकडून तीन गाड्या, हिकडून तीन."

"आणि एकमेकींवर आपटल्या तर?"

"आपटत्यातच की!" असं म्हणून तो पोट धरून हसला. मी फोन ठेवला आणि तांब्याभर पाणी प्यायलो. बायकोला सांगायला स्वयंपाकघरात गेलो, तर ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "हो, माहितीये मला." तिला काय काय माहीत होतं ते मात्र तिनं सांगितलं नाही.

तिचं माहेर चाकणच्या पलीकडे. भाऊ निम्मा वेळ रान करतो आणि उरलेल्या वेळात कंपनीत शिफ्ट करतो. तिला गाडी मीच शिकवली, अठरा वर्षांपूर्वी. लायसन पहिल्या फटक्यात मिळालं. पण आमच्या घरात गाडी एकच, ती स्कूलची, त्यामुळे ती चालवायची तेव्हा शेजारी मी असायचोच. रविवारी सांगवीला बहिणीकडे, कधी देहूरोडला, सणाला माहेरी. ती चालवायची आणि मी सूचना द्यायचो. तिचं सगळं चांगलं होतं, आरसा बघणं, गिअर, वळणं. फक्त ब्रेक वाईट. गचकन मारायची, मान पुढे जायची. मी दर वेळी सांगायचो, दर वेळी ती गप्प बसायची, आणि पुढच्या चौकात पुन्हा तेच.

आणि त्या दिवसांत सगळं त्या ब्रेकवरच अडलं होतं. माझ्याकडे शिकलेला एक जण आता चाकणच्या एका कंपनीत बायकांना ने-आण करायच्या गाड्या चालवतो. त्या बायकांना गाडीवर बाई हवी होती. त्यानं माझ्या बायकोला विचारलं. तिचे डोळे असे चमकले की मला तिचं लग्नातलं तोंड आठवलं. पण तो मला म्हणाला, "सर, आत दहा-बारा बायका बसणार. तुम्ही 'चालेल' म्हणालात की चालेल. मला दुसरं कोणाचं सर्टिफिकेट नको." मी म्हणालो, ब्रेक सुधारू दे, मग सांगतो. असं म्हणत म्हणत मी दोन महिने काढले. तिनं दोनदा विचारलं, नंतर विचारायचं सोडून दिलं. शेवटी त्यानं निरोप ठेवला की रविवारी संध्याकाळी पाचला फोन करतो, हो की नाही ते सांगा, नाहीतर दुसरी बघतो. आणि तोच रविवार जत्रेचा निघाला.

बैलगाड्यांच्या शर्यतीच्या घाटाशेजारी एक मोठं रान कंपनीसाठी सपाट करून ठेवलेलं आहे. कंपनी अजून यायची आहे, तोवर मुरूम पडून आहे. त्या मुरमावर दोन्ही टोकांना लोखंडी पाइप रोवून, त्यांना भाजीच्या मळ्यावरची हिरवी जाळी बांधून गोल केले होते. मधोमध चेंडू. तो माझ्या खांद्याइतका उंच होता. आत ट्रॅक्टरच्या फुगवलेल्या ट्यूबा, वरून शिवलेली ताडपत्री. बैलांवर उधळतात तो भंडारा त्या चेंडूवर उधळला होता, त्याच्यापुढे नारळ फोडला होता, आणि सहाही गाड्यांच्या चाकांखाली लिंबं ठेवली होती. ज्या गाड्या एकमेकींवर घालायच्या, त्यांना अपघात होऊ नये म्हणून लिंबू! मी डोक्याला हात लावला.

गाड्या सगळ्या भंगारातल्या. काचा काढलेल्या, पुढे तारेची जाळी, बॉनेटला लाकडी फळ्या ठोकलेल्या. मी एकेक बघत पुढे सरकलो आणि चौथ्या गाडीपाशी थबकलो. भगवा रंग फासला होता, डावं दार गायब होतं, पण मागच्या पत्र्यावर माझ्या स्कूलचा फोन नंबर अर्धा दिसत होता. ती माझी जुनी गाडी होती. तेरा वर्षं जिला मी कोणाला टेकू दिलं नाही ती. भंगारात घालतो असं सांगून मेव्हण्यानं ती माझ्याकडून नेली होती.

"अरे, ही तू तोडायला नेली होतीस ना?"

"तोडतोयच की दाजी. जरा दमानं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत वाकून बघितलं तर डाव्या बाजूचे क्लच-ब्रेक अजून जागच्या जागी होते. निदान तेवढं तरी शाबूत आहे, या विचारानं मला जरा बरं वाटलं.

पहिला सामना गावातल्या पोरांचा झाला. त्याचं वर्णन मी करणार नाही. अर्धा वेळ मी डोळे मिटूनच होतो, नुसता पत्र्याचा आवाज ऐकत होतो. मग माइकवरच्या माणसानं, जो एरवी बैलगाड्या पुकारतो, जाहीर केलं, "आता माहेरवाशिणींचा सामना!" त्या गावात जत्रेचा दुसरा दिवस माहेरी आलेल्या लेकींच्या मानाचा असतो. एरवी ओटी भरतात. औंदा त्यांना गाड्या दिल्या होत्या. सहा बायका पुढे झाल्या. भगव्या गाडीकडे जी निघाली होती, साडीचा पदर कमरेला खोचून, डोक्यावर भावाचं हेल्मेट घालून, ती माझी बायको होती.

मी पळत गेलो. "अगं, वेड लागलंय का तुला?"

"मान हाय लेकींचा," ती म्हणाली. माहेरी आली की तिची भाषा बदलते. "न्हाई म्हनू नये."

नियम असा होता की चेंडू बॉनेटसमोर आला की चालवणारीला पुढचं काही दिसत नाही, म्हणून शेजारी एक सांग्या बसवायचा. डावीकडे घे, उजवीकडे घे, एवढंच त्यानं ओरडायचं. तिच्या शेजारी मेव्हण्याची बायको पट्टा लावून बसली होती. तिला मी उतरवलं. म्हणालो, माझ्या बायकोला या तमाशात एकटी सोडणार नाही. बायको माझ्याकडे बघत राहिली, काहीतरी बोलणार होती, पण शिट्टी वाजली.

पुढची काही मिनिटं मला नीट आठवत नाहीत. धूळ, आरडाओरडा, माइकवरचं "भिर्रर्र". समोरच्या गाडीनं आम्हाला बाजूनं धडक दिली आणि माझे दात वाजले. पण बायको! तिनं गाडी रिव्हर्समध्ये टाकली, वळवली, चेंडूच्या मागे आणली, आणि मी तोंड उघडायच्या आत ढकलायलाही लागली. मी आ वासून बघत होतो. एवढ्यात उजवीकडून एक गाडी आली आणि आमची गाडी गचकन थांबली. चेंडू निसटला.

"किती जोरात मारतेस ब्रेक!" मी ओरडलो. "हजारदा सांगितलंय!"

तिनं पुन्हा चेंडू गाठला, पुन्हा निघाली, पुन्हा कोणीतरी आडवं आलं, पुन्हा गचका. मी पुन्हा ओरडलो. मनात म्हणालो, बघा, हे असं आहे, आणि हिच्या गाडीत बारा बायका बसवायच्या.

तिसऱ्या वेळी समोर कोणीच नव्हतं. चेंडू बॉनेटला चिकटलेला, पुढे मोकळा गोल. आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये जात होतो आणि हिरवी जाळी भराभर जवळ येत होती. आणि गाडी खाडकन थांबली. चेंडू जरासा घरंगळला आणि गोलच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला.

मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात माइक गरजला. स्टेज माझ्या बाजूला होतं आणि माझ्या बाजूला दार नव्हतं.

"आवो दाजी, बरेक सोडा की! आक्काला गोल करू द्या!"

सगळं रान हसायला लागलं. मला आधी कळेचना की हा कोणाला बोलतोय. मग मी खाली बघितलं. माझा उजवा पाय डाव्या बाजूच्या ब्रेकवर होता. नुसता ठेवलेला नव्हता, तळाशी दाबलेला होता. मांडी ताठ झाली होती. तो पाय तिथं कधी गेला, देवाशपथ सांगतो, मला माहीत नव्हतं. मी त्याच्याकडे असा बघत होतो, जणू तो दुसऱ्याच कोणाचा होता.

"हे... हे आत्ताच..." मी म्हणालो.

"आत्ताच न्हाई," ती म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. "पहिल्या वर्षी सांगितलं व्हतं तुमाला. म्हनलं, माज्या पायाखालचा बरेक आपोआप खाली जातोय. तुमी म्हनला, मी पाय ठेवतच न्हाई. मग म्या सोडून दिलं."

मला आठवलं. तिनं सांगितलं होतं. सांगवीच्या पुलावर सांगितलं होतं आणि मी तिला झाडलं होतं, की बावळटासारखं बोलू नकोस, शिकवणाऱ्याला आपला पाय कुठे आहे ते कळतं. त्यानंतरची सगळी वर्षं मी ब्रेक मारला होता आणि तिला बोललो होतो. धडकेनं वाजले नव्हते एवढे माझे दात आता वाजत होते.

"उतरा," ती म्हणाली.

मी उतरलो. मेव्हण्याची बायको धावत आली, बसली, पट्टा लावला. मी दोरीपलीकडे जाऊन लोकांत उभा राहिलो. कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारून "चालायचंच, राव" म्हणालं, आणि मला त्याचा असा राग आला की सांगता सोय नाही. पण खरा राग मला माझाच आला होता.

पुढची सहा मिनिटं मी तिच्याशिवाय काहीही बघितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला बाहेरून गाडी चालवताना बघत होतो. ती चेंडू घेऊन मधून येत होती. समोरच्या संघाची एक गाडी बंद पडली होती आणि तिच्यातली बाई उतरून, हेल्मेट काखेत धरून, धुळीत अशीच उभी होती. चेंडूआडून बायकोला ती दिसणं शक्य नव्हतं. शेजारून "बाई हाय!" अशी किंकाळी आली. माझा पाय मुरमात रुतला. पण त्याच्या आधी, माझ्या पायाच्या आधी, भगव्या गाडीचं नाक किंचित खाली गेलं आणि गाडी उभी राहिली. गचका नाही, काही नाही. बॉनेटसमोरचा चेंडूसुद्धा सुटून पळाला नाही. ती बाई दोन हातांवर होती. बायकोनं हात बाहेर काढून तिला बाजूला व्हायला सांगितलं, जरा मागे घेतली, आणि पुन्हा निघाली.

माझ्याकडे शिकून गेलेल्या शेकडो लोकांत असा ब्रेक मी चार-दोन जणांचाच बघितला असेल. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धूळ होतीच, म्हणून पुसायला लाज वाटली नाही.

सामना त्या हरल्या. तिनं गोल केला नाही. हेल्मेट काढून ती माझ्याजवळ आली, तोंड धुळीनं पांढरं, आणि पाण्याची बाटली मागितली. मला खूप बोलायचं होतं. माफी मागायची होती, पण एवढ्या वर्षांची माफी कुठून सुरू करतात ते मला सुचेना. ती पाणी पीत होती तेवढ्यात माझा फोन वाजला. पाच वाजले होते.

"सर, काय ठरलं मग? मॅडमचा ब्रेक कसाय?"

बायको बाटली खाली न घेता माझ्याकडे बघत होती.

"चांगला आहे," मी म्हणालो. "फार चांगला आहे. सोमवारपासून घे."

"नक्की ना सर? दहा-बारा बायका आहेत. तुम्ही नीट बघितलंय ना?"

"सहा मिनिटं बघितलाय."

तो हसला. "सहा मिनिटं? काय सर, अठरा वर्षं शेजारी बसताय की तुम्ही."

"हो," मी म्हणालो, "म्हणूनच दिसला नाही."