पोटचॅनेलवरचा मराठी तास

डिजिटल रेडिओ ज्या कोणी शोधून काढला, त्याला परदेशातल्या आमच्या नेपरव्हिलच्या जानेवारीत बिनटोपीचा माझ्यासमोर उभा करा. बाकी मी बघतो. साधा रेडिओ निदान खोकत, खरखरत, चार नातेवाइकांना कळवून मरतो. हा मेला छान बोलत असतो, आणि गाडी पुलाखाली शिरली की खलास! वर एका स्टेशनच्या पोटात दुसरं चॅनेल, दुसऱ्याच्या पोटात तिसरं. असल्या तिसऱ्या पोटात शनिवार सकाळचा एक तास मी मराठीसाठी मिळवला होता. इंटरनेटवर तो जात नसे, आणि असला रेडिओ घरात कोणाकडेच नव्हता. होता तो फक्त गाडीत. म्हणजे माझा कार्यक्रम ऐकायचा तर सुटीच्या सकाळी, दाढी गोठेल अशा थंडीत, उगाच गाडीत जाऊन बसायचं. आपला मराठी माणूस स्वतःच्या लग्नाला वेळेवर उभा राहत नाही, तो माझ्यासाठी गाडीत बसणार?

स्टेशनचा मॅनेजर म्हणजे फ्रिजला टाय बांधलेला. तो म्हणाला, "या शनिवारी एकही फोन आला नाही, तर तुझा तास मासेमारीच्या कार्यक्रमाला देतो."

मी इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर गळा काढला. अंगठ्यांचा नुसता पाऊस पडला. मंडळाचे अध्यक्ष, एक रिटायर्ड पुणेरी काका, माझे जुने वैरी, त्यांनी लिहिलं, "रेडिओ मेला. पॉडकास्ट काढा." त्यालाही अंगठे. माझ्यापेक्षा जास्त.

शनिवारी मॅनेजर बादलीएवढी कॉफी घेऊन माझ्यासमोरच येऊन बसला. मी बोललो, गायलो, शेवटी तर हात जोडले. रेडिओवर हात जोडून काय दिसणार, पण जोडले. फोन मढ्यासारखा पडून. तास संपत आला, आणि दिवा लुकलुकला.

"काका बोलतोय. गेल्या शनिवारी थालीपिठात ओट्स घाला म्हणालात?"

साक्षात अध्यक्ष! "काका, तुम्ही ऐकता?"

"चुका काढायला कोणीतरी नको? पहिल्या दिवसापासून गॅरेजमध्ये गाडीत बसून ऐकतोय. काकू म्हणते, अंथरूणही तिथेच टाका. अहो, ओट्स घोड्याला घालतात!"

आता या डिजिटलची आणखी एक खोड. आपण बोललेलं गाडीत पोचेपर्यंत चांगला चहा गाळून होतो. काकांनी गाडीतला रेडिओ बंद केलाच नव्हता. त्यामुळे जरा वेळाने त्यांच्याच फोनमधून मागून कोणीतरी गरजलं, "अहो, ओट्स घोड्याला घालतात!"

"तेच सांगतोय ना मी!" काका उखडले. "मध्ये तोंड घालू नका."

थोड्या वेळाने गाडी म्हणाली, "मध्ये तोंड घालू नका."

"मला शिकवता? मी मंडळाचा अध्यक्ष आहे!"

गाडीने दम घेतला. "मी मंडळाचा अध्यक्ष आहे!"

"तुम्ही? निवडणूक कधी झाली?"

'काका, आधी रेडिओ बंद करा,' असं मी म्हणायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण समोर तो फ्रिज उभा राहिला होता. मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण डोळे असे चमकत होते की आतला दिवा लागावा.

"दोन फोन?" त्याने कुजबुजत विचारलं. "आणि भांडतायत?"

"कट्टर वैरी," मी म्हणालो.

"आपल्या मोठ्या चॅनेलवरसुद्धा इतकं कोणी तापत नाही! तास तुझा. पण पुढच्या शनिवारी हे भांडण मला इथे, स्टुडिओत पाहिजे."

झालं. संध्याकाळी पेढ्यांचा बॉक्स घेऊन मी वैऱ्याच्या दारात उभा. काकांनी आत घेतलं नाही. बर्फात उभं करून अख्खी विनंती ऐकली, पेढा खाल्ला, त्यात दोष काढला, मग म्हणाले, "येईन. पण ओट्स बंद. आणि तो सकाळचा मध्ये मध्ये बोलणारा तिथे दिसला, तर मी उंबरा ओलांडणार नाही. आवाजावरूनच कळतं, माणूस हलकट आहे."

"त्याला नाही बोलावणार काका," मी म्हटलं. "भांडायला मी पुरेसा आहे."