येऊन राहिलो

माझ्या घरातलं माणूस गेलं की माझी कविता सुधारते. हे मी नाही म्हणत, गोंदियातली कवीमंडळी म्हणतात, अर्थात पाठीमागे आणि जरा सभ्य शब्दांत. आई होती तोवर मी पहाट, उजेड, स्त्रीशक्ती असल्या विषयांवर लिहायची आणि लोक चहा येईपर्यंत ऐकून घ्यायचे. आई गेली. मग तिच्या खोकल्यावर आणि तिने बांधून ठेवलेल्या चिंध्यांच्या गाठोड्यावर लिहिलं, तेव्हा पहिल्यांदा समोरून आवाज आला, "दीदी, एक बार और." धाकट्या भावाने घरी येताना हसत विचारलं होतं, आता पुढचा नंबर कोनाचा? मीही हसले होते.

पुढचा नंबर त्याचाच लागला. तो तिरोड्याला कामाला होता आणि आमच्या गावाहून, मुर्रीहून, मोटरसायकलने जाणं-येणं करायचा. धानकापणीचे दिवस होते. संध्याकाळी परतताना रस्त्याच्या कडेला धानाची ट्रॉली उभी होती, तिला मागे दिवा नव्हता, आणि त्याला ती दिसली नाही. याहून जास्त मला माहीत नाही. माहीत असतं तरी लिहिलं नसतं असं म्हणावंसं वाटतं, पण ते खोटं आहे, मी लिहिलं असतं.

आमच्याकडे मयतीच्या घरी नवी बाई आली की दारातूनच विचारते, कसं झालं वं माय, आणि घरच्या बाईला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. मधूनच सुरुवात केलेली चालत नाही. माझी भावजय भिंतीला टेकून बसली होती आणि येईल तिला सांगत होती. दर वेळी ती एकाच जागी अडायची. "आत्ताच तं फोनवर म्हनलं मले, येऊन रायलो म्हून." मग पदर तोंडाला लावायची आणि पुढचं पदरात जायचं.

मी तिच्या शेजारीच बसले होते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हुंदका आवरला नाही. बायका येत गेल्या, ते वाक्य परत परत कानावर पडत गेलं, आणि कधीतरी माझ्या कानाने ते उचललं. रडणं चालूच होतं, ते खोटं नव्हतं. पण रडता रडता मी त्या वाक्याची लय मोजत होते आणि हे ध्रुपद होईल असं मनात म्हणत होते. समोर त्याचा फोटो होता, हार अजून ताजा होता. त्या क्षणाची मला जितकी लाज वाटते तितकी दुसऱ्या कशाचीच वाटत नाही.

मयतीनंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमापर्यंत कविता तयार होती. तिच्यात भाऊ बांधावरून, विहिरीवरून, शाळेच्या वाटेवरून बहिणीला हाक देतो आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी तिला म्हणतो, येऊन राहिलो. भावजय कवितेत कुठेच नव्हती. एका कवितेत दोन बायका मावत नाहीत अशी मी स्वतःची समजूत घातली होती. आयत्या बिळात नागोबा म्हणतात तो असाच जाऊन बसत असावा, बीळ आपलंच असल्याच्या खात्रीने.

मासिकाला पाठवताना मी 'रायलो'चं 'राहिलो' केलं. आमचं बोलणं आहे तसं छापलं की पुण्याकडचे लोक हसतात. पुण्यातल्या एका शिबिरात मी 'काम करून राहिली' म्हणाले, तर शेजारच्या खाटेवरची बाई दोन दिवस माझी नक्कल करत होती. आता 'येऊन राहिलो' म्हणजे आमच्याकडे येतोय, वाटेत आहे, एवढंच. लेकरूसुद्धा दिवसातून दहादा म्हणतं. पण शुद्ध कपडे घालून ते वाक्य तिकडे गेलं आणि त्याचा अर्थ झाला, आलो आणि राहिलो, आता जात नाही. एका मोठ्या समीक्षकांनी मुद्दाम फोन केला. गेलेला भाऊ परत येऊन कायमचा राहतो, मरणालाच उलटं करून टाकलंत तुम्ही, असं काय काय ते बोलत होते. मी सांगू शकले असते की अहो सर, तो फक्त वाटेत होता आणि पोचला नाही. मी म्हणाले, धन्यवाद सर.

तिथून कविता माझ्या पुढे चालायला लागली. नागपूर, अमरावती, एकदा पुणे. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, तसं माझ्या प्रास्ताविकात भाऊही वाढत गेला. तो माझा पहिला वाचक झाला, माझ्या ओळी त्याला तोंडपाठ असायच्या, असं मी सांगू लागले. खरं तर माझी एकही कविता त्याने शेवटपर्यंत ऐकली नव्हती. मी वही काढली की तो गुरांना पाणी दाखवायला उठायचा. लोक ऐकताना डोळे पुसायचे आणि मला आतून बरं वाटायचं. कुणी टाळी न वाजवता नुसतं बसून राहिलं तर त्याहून बरं वाटायचं.

मग प्रकाशकांनी संग्रह काढायचं ठरवलं आणि नावही त्यांनीच सुचवलं, 'येऊन राहिलो'. होकार मी लगेच दिला. मुर्रीला गेले ती नंतर, आणि तीही विचारायला नाही, सांगायला.

भावजय अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मीही सूप ओढून सोलायला बसले. पुस्तकाचं सांगितलं, त्याच्यावर तिच्या नवऱ्याचं नाव अर्पण म्हणून येईल हेही सांगितलं. तिने मान हलवली. मग म्हणाली की पोरीने ती कविता शाळेच्या गॅदरिंगमध्ये म्हटली होती. चोराच्या मनात चांदणं, मी लगेच विचारलं, आवडली का?

"मॅडमनं सांगितलं तिले, बाबानं शेवटचं आत्याले म्हनलं. पोरगी घरी येऊन मलेच सांगते."

मी समजवायला लागले. कवितेतली बहीण म्हणजे मी नव्हे, ती कुणाचीही बहीण, आणि कवितेतलं बोलणं हे असं खरं-खोटं मोजायचं नसतं. शाळेत मुलांना शिकवते त्याच आवाजात मी हे सगळं बोलले. तिने पुरतं ऐकून घेतलं.

"ते मले म्हनलं होतं, ताई."

मी हो म्हणाले.

"आन् पुरं नाही लिहिलं तुमी. येऊन रायलो, भात मांड, असं म्हनलं. मी मांडला होता. भात काऊन नाही लिहिला?"

भाताचं मला माहीत होतं. त्या संध्याकाळी तिला त्याच्याकडे दवाखान्यात नेल्यावर घरात पहिली मीच शिरले होते. गॅस चालूच होता आणि त्यावरच्या गंजातला, पातेल्यातला, भात खाली लागला होता. तो मीच काढून गायीपुढे टाकला. ती पदरात जे बोलायची ते भाताचंच होतं, शेजारी बसून मला स्पष्ट ऐकू यायचं. तिने त्याच्यासाठी केलेलं शेवटचं काम ते. मी ते गाळलं, कारण ओळ लांब होत होती आणि भात त्या ओळीत शोभत नव्हता.

मी म्हणाले, मी कविता पुस्तकातून काढते, प्रकाशकांना आजच कळवते. म्हणताना मी तिच्या तोंडाकडे पाहत होते, ती नको म्हणेल म्हणून. इतकी मी तयार झाले होते.

"काढता कायले? चांगली आहे," ती म्हणाली. "तुमाले जे म्हनलं ते लिहा तिच्यात." आणि शेंग हातात तशीच धरून तिने अगदी साधेपणाने विचारलं, "तुमाले काय म्हनलं होतं त्यायनं शेवटचं?"

मी आठवू लागले. पाण्याच्या मोटरीचं काहीतरी होतं. की ते उन्हाळ्यातलं? लिहायला बसले असताना त्याचा फोन आला तर मी उचलायची नाही, नंतर करू म्हणायची, आणि नंतर राहून जायचं. त्या महिन्यात आम्ही बोललो होतो का हेही मला धड सांगता येईना. ती वाट पाहत होती. काहीतरी रचून सांगणं मला जड नव्हतं, एक ओळ जिभेवर आलीसुद्धा, आणि चांगली होती.

"आठवत नाही," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. राग असता तर मला सोसला असता, पण तिला माझं वाईट वाटत होतं.

"मंग राहू द्या तेच," ती म्हणाली. "तुमच्यापाशी दुसरं काय आहे."