सुतळीचं टोक

कुरुळीच्या आमच्या शाळेत माझ्या वर्गाशेजारच्या सातवीला एक बाई शिकवतात. समोरच्याचं बोलणं त्या पूर्ण होऊ देतात आणि मग हळूच विचारतात, "बरं, आणि ते कशामुळे?" चहा पाणचट झालाय म्हटलं तरी हाच प्रश्न येतो. कधीकधी वैताग येतो मला.

परवा मधल्या सुट्टीत नळावर ढकलाढकली झाली आणि पाचवीतल्या एका मुलीचा ओठ फुटला. मुख्याध्यापक म्हणाले, "उद्यापासून सातवीला नळ बंद." बाई म्हणाल्या, "सर, मला एक तास द्या."

त्यांनी आपल्या मुलांना गोल उभं केलं. कुणी नळ झालं, कुणी नळावर धुवायची जेवणाची ताटं, कुणी घंटा, कुणी पाचवी, कुणी सातवी. आपलं काम ज्याच्यामुळे अडतं, त्याच्या हातात सुतळी द्यायची. मी दारातून बघत होते. नळाकडून सुतळी ताटांकडे गेली, ताटांकडून उशिरा सुटणाऱ्या सातवीकडे आणि तिथंच अडली.

"बरं, सातवी उशिरा सुटते ते कशामुळे?"

एक मुलगी खाली बघत म्हणाली, "बाई, आमच्या सुट्टीची घंटा झाली तरी तुमी शिकवतच ऱ्हाता. आमी नळावर पोचतो तवर पाचवीची पण सुट्टी होती."

मला वाटलं, आता पोरीला बोलणी बसणार. बाई मनापासून हसल्या आणि सुतळीचं टोक त्यांनी स्वतःच्या हातात घेतलं. मुख्याध्यापकांना त्यांनी खरं कारण सांगितलं आणि सातवीचा नळ काही बंद झाला नाही.

दुसऱ्या दिवशी घंटा झाली तेव्हा त्या फळ्यावर 'बाष्पीभवन' लिहीत होत्या. 'बाष्पी'वरच खडू ठेवून त्या वर्गाबाहेर आल्या.