चाळिसाच्या आत

रॉथनशॉच्या मंडईत, वजडीवाला आणि लोकरवाली यांच्या मधोमध विल्फ ऑर्मरॉडचं रेकॉर्डांचं दुकान होतं. तिथे घाईचं गिऱ्हाईक टिकत नसे. विल्फ पैसे घ्यायचा, रेकॉर्ड पिशवीत घालायचा, पण पिशवी हातात द्यायचा नाही. आधी चष्मा पुसायचा, मग लांबलचक हिरवी वही उघडायचा आणि रेकॉर्डवरचा नंबर एकेक आकडा पुटपुटत तीत उतरवायचा. "लागली चार्टला," असं म्हणाला की मगच पिशवी सुटायची.

चार्ट म्हणजे त्या आठवड्यात देशभरात कुठलं गाणं किती खपलं याची क्रमवारी. तिच्यातली वरची चाळीस गाणी रविवारी दुपारी चार वाजता रेडिओवर वाजवत, आणि चर्चमध्ये डुलक्या काढणारी माणसंही ती कान टवकारून ऐकत. लंडनवाले ही क्रमवारी ठरावीक दुकानांतली विक्री मोजून लावत. विल्फचं दुकान त्यांपैकी एक, अशी आमच्या गावाची पक्की समजूत होती. समजूत न व्हायला काय झालं? दर शनिवारी संध्याकाळी तो आठवड्याची यादी सुवाच्य अक्षरात उतरवून काढायचा आणि ते पाकीट मंडईतून टपालपेटीपर्यंत असं न्यायचा, की म्हातारीकोतारीसुद्धा बाजूला सरकत.

खरं काय ते दोघांनाच ठाऊक होतं, विल्फला आणि त्याच्या बायकोला, मर्टलला. शहात्तर साली त्यानं लंडनला अर्ज केला होता, की माझंही दुकान मोजा. उत्तर आलं, "आपल्या अर्जाची नोंद घेतली आहे." नोंद घेतली म्हणजे घेतलंच, असं विल्फनं ठरवलं आणि दुसऱ्याच दिवशी हिरवी वही आणली. तीन वर्षांनी दुसरं पत्र आलं. आपल्या याद्या कृपया पाठवू नयेत, आपलं दुकान आमच्या मोजणीत नाही. विल्फनं ते पत्र बॅगपाइपच्या एका रेकॉर्डच्या पाकिटात सरकवलं, कारण ती रेकॉर्ड कुणी मागणार नाही याची त्याला खात्री होती. याद्या मात्र जातच राहिल्या.

"अहो, कोण वाचतं त्या?" मर्टल विचारायची.

"वाचत असेल कुणीतरी," विल्फ म्हणायचा. "सतरा वर्षं पाठवतोय. माणसाला सवय लागते."

पुढे मोजणीच्या दुकानांत यंत्रं आली. तुझं यंत्र कुठाय, असं कुणी विचारलं तर "मी बाबा जुन्या वळणाचा," एवढंच तो म्हणे. खोटं असं तो कधी बोलला नाही. लोक जे समजत होते ते फक्त त्यानं मोडलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि या मुठीचा कुणाला तोटाही नव्हता, 'द बस शेल्टर' निघेपर्यंत.

'द बस शेल्टर' हा आमच्या गावातल्या चार पोरांचा बँड. घरच्यांनी हाकलल्यावर बसथांब्याच्या छपराखाली बसून गाणी रचली, म्हणून हे नाव. गाणारा क्रेग हॉयल, सतरंज्यांच्या गोदामात कामाला होता. त्यांची पहिली रेकॉर्ड पाचशे प्रतींची, तिचं वेष्टण उलटं छापलं गेलं. लंडनच्या समीक्षकांना त्यात मोठा अर्थ दिसला. दुसरी रेकॉर्ड चार्टमध्ये एकशेबारावी आली, तिसरी चौऱ्याहत्तरावी. मग अख्खा अल्बम निघाला, तो एकसष्टावर जाऊन पुढच्या आठवड्यात नाहीसा झाला. पंचवीस मिनिटांत अकरा गाणी, आणि अकराही पावसाबद्दल तक्रार करणारी. आमच्या गावाला तो फार आवडला, कारण प्रत्येक शब्द खरा होता.

मग चौथी रेकॉर्ड आली आणि त्रेचाळिसावर थांबली. चाळिसाच्या आत असतं तर रेडिओवर वाजतं, टीव्हीवाले बोलावतात, पंतप्रधानांच्या मुलालाही माहीत होतं. त्रेचाळीस म्हणजे शेजारच्या कुत्र्यालाही माहीत नाही. त्या रविवारी क्रेगची आई ग्लेनिस हॉयल भर मंडईत रडली. विल्फनं घरी जाऊन वही उघडली आणि रॉथनशॉत खपलेल्या प्रती मोजल्या. पाचशे चौऱ्याऐंशी. लंडनच्या हिशेबी शून्य. त्या रात्री त्याला मटणाचा पॅटिस गिळवेना, आणि मर्टलनं तो कुत्र्याला घातला.

त्र्याण्णवच्या मार्चमध्ये पाचवं गाणं यायचं ठरलं. आदल्या शनिवारी क्रेग दुकानात आला.

"विल्फकाका, कंपनीनं स्पष्ट सांगितलंय. चाळिसाच्या आत, नाहीतर घरी. या गाण्यासाठी मी गेल्याच महिन्यात गोदाम सोडलं, मला तिथे परत जायचं नाही हो. अजून माझ्या नावाचा डबा आहे तिथे."

"नाही जावं लागणार," विल्फ म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचे कान लाल झाले.

तेव्हाच सांगून टाकायचं होतं. पण माणूस सतरा वर्षं ज्या खुर्चीत बसला, तिचा पाय आपल्याच हातानं कसा कापणार? सोमवारी सकाळी मंडई उघडली तेव्हा रांग लोकरवालीला वळसा घालून रस्त्यावर गेली होती. ग्लेनिसनं घरोघर जाऊन बायकांना दम भरला होता. विल्फनं दिवसभर नंबर उतरवले. "लागली चार्टला" मात्र त्या दिवशी एकदाही म्हणाला नाही, आणि गर्दीत ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

बुधवारी दुपारी कंपनीचा ग्लेनिसला फोन आला. आठवड्याच्या मध्यावरचा अंदाज होता, अठ्ठावन्न. ग्लेनिस पदरचे दोन शब्द न घालता काही सांगणारी बाई नव्हे, पण ती दुकानात शिरली तेव्हा आधी नुसता आकडाच म्हणाली.

"अठ्ठावन्न, विल्फ! एकट्या तुझ्याकडून सहाशे गेल्या! काय झोपा काढतात का लंडनवाले? दे ती वही. मी आत्ता फोन लावते त्यांना आणि एकेक नंबर वाचून दाखवते."

विल्फनं वहीवर दोन्ही हात ठेवले. "ग्लेनिस, फोन लावू नकोस."

"का?"

"रात्री क्लबात सांगतो. सगळ्यांना एकदमच सांगतो. दोनदा सांगायची ताकद नाही माझ्यात."

कामगार क्लबात बुधवारी बिंगो असतो. दोन डावांच्या मध्ये विल्फ माइकपाशी गेला. कोटाच्या खिशातून त्यानं बॅगपाइपच्या पाकिटातलं ते दुसरं पत्र काढलं आणि पहिल्यापासून शेवटच्या सहीपर्यंत वाचलं. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तो असा.

पहिला उठला वजडीवाला स्टॅन्ली. "म्हणजे त्रेचाळीसवाली मी घेतली ती?"

"नाही मोजली," विल्फ म्हणाला.

"आमच्या आईनं घेतलेली?"

"तीही नाही."

"अरे, ती घेऊन आठवड्यात गेली बिचारी!"

"तरी नाही, स्टॅन्ली."

"आणि मी शहात्तर सालापासून घेतोय ते?" मागून कुणी ओरडलं.

"काहीच नाही. या गावात कुणी काही विकत घेतलं, हे लंडनला माहीतच नाही."

मग मात्र जे आवाज उठले ते इथे लिहिण्याजोगे नाहीत. ग्लेनिस सावकाश चालत पुढे आली. सगळ्यांना वाटलं, आता हाणते. तिनं माइक बंद केला, तरी तिचं बोलणं शेवटच्या टेबलापर्यंत पोचलं.

"मेल्या, तुला नंतर बघते. आज बुधवार आहे. मोजणी कधी संपते?"

"शनिवारी संध्याकाळी, दुकानं बंद होताना."

"कुठली दुकानं मोजतात, तुला माहितीय?"

विल्फनं मान वर केली. लँकशायरपासून यॉर्कशायरपर्यंत कुठल्या दुकानात यंत्र आहे हे लंडनवाले गुपित ठेवतात. पण ज्याला पंगतीत घेत नाहीत त्याला ताटात काय काय वाढलंय ते पाठ असतं. "सगळी," तो म्हणाला. "बत्तीस मैलांच्या आतली एकूण एक."

"मग सांग."

आणि सतरा वर्षं नुसती हिरवी वही लिहिणारा तो माणूस बिंगोच्या फळ्यावर खडूनं गावांची नावं लिहू लागला. बर्नली, ब्लॅकबर्न, रॉचडेल, हॅलिफॅक्स. त्याला नियमही तोंडपाठ होते. एकाच दुकानात एकदम फार खपलं तर लंडनला संशय येतो आणि ती विक्री काढून टाकतात. म्हणून एका दुकानात दोघांपेक्षा जास्त जायचं नाही. एकानं एकच घ्यायची. सोबत दुसरं काहीतरी घ्यायचं. रॉथनशॉचं नाव काढायचं नाही, आणि क्रेग आपला भाचा आहे हे तर मुळीच सांगायचं नाही.

"पण तो आहे माझा भाचा," लोकरवाली म्हणाली.

"शनिवारपर्यंत नाहीये," ग्लेनिस म्हणाली.

आधीच घेतलेल्या प्रतींचे पैसे विल्फनं क्लबातच ज्याचे त्याला परत केले, कारण एकच गाणं दोनदा विकत घेण्याइतकं आमचं गाव कलासक्त नाही. गुरुवारी सकाळपासून बसगाड्या भरून माणसं निघाली. बोलिंग क्लबचे नऊ म्हातारे नऊ गावांना जायचे होते, ते गप्पांच्या नादात नऊच्या नऊ रॉचडेलला उतरले आणि मग एकमेकांना ओळख न देता तासभर एकाच फुटपाथवर उभे राहिले. स्टॅन्ली हॅलिफॅक्सला गेला. सोबत काहीतरी घ्यायचं म्हणून त्यानं बॅगपाइपची रेकॉर्ड घेतली, कारण तिथे तीच स्वस्त होती. "कुणासाठी घेताय?" असं काउंटरवरच्या मुलीनं सहज विचारलं, तर तो म्हणाला, "मला काही बोलायचं नाहीये," आणि पळाला. मर्टल ब्लॅकबर्नला जाऊन आली. विल्फशी ती फार बोलत नव्हती, पण निघताना तिनं त्याचा डबा भरून ठेवला होता.

विल्फ स्वतः तीन दिवसांत अकरा गावं फिरला. दुकानात शिरायचा, आपलं गाणं मागायचा, आणि काउंटरवरच्या मुलीचं बोट यंत्रावर पडून तो लहानसा आवाज झाला की क्षणभर तिथेच उभा राहायचा. हॅलिफॅक्समध्ये तिनं विचारलं, "आणखी काही हवंय, काका?" स्वतःचाच नियम विसरून विल्फ म्हणाला, "नाही बाळ. एवढंच हवं होतं." त्याला भरून आलं, हे उघडच सांगतो. लपवून काय उपयोग?

रविवारी अख्खा क्लब रेडिओभोवती जमायचा होता. चाळिसापासून सुरू होऊन एकापर्यंत तीन तास लागतात, आपलं मधेच कधीतरी येईल, म्हणून लोक निवांत आले होते. चार वाजले तेव्हा निम्मी माणसं कोट टांगत होती, उरलेली पॅटिस आणि वाटाण्यांच्या रांगेत भांडत होती. निवेदकानं नमस्कार केला आणि पहिल्याच दमात म्हणाला, "चाळिसावं, नवीन आलेलं, 'द बस शेल्टर'."

"गप्प बसा रे!" ग्लेनिस किंचाळली, पण तिच्या किंचाळण्यातच पहिलं कडवं गेलं. दुसऱ्या कडव्याला लोकांना कळलं काय चाललंय. तिसऱ्याच्या आधी निवेदकानं ते मध्येच कापलं आणि एकोणचाळीस सुरू झालं. आयुष्यभराची वाट बघणं एवढ्यात संपलं. मग जो दंगा उठला त्यात एकोणचाळीस ते तेहेतीसपर्यंत कुणी काही ऐकलं नाही. म्हाताऱ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, रॉचडेलच्या फुटपाथवर मारता आल्या नव्हत्या त्या.

विल्फ दाराजवळच्या टेबलाशी एकटा होता. त्याच्याकडे पाठ करून कुणी बसलं नव्हतं, पण त्याच्या शेजारीही कुणी बसलं नव्हतं. क्रेग गर्दीतून सुटून तिथे आला आणि उभाच राहिला.

"त्रेचाळीसवाली," तो म्हणाला. "गावातल्या मोजल्या असत्या तर?"

विल्फनं त्याच्याकडे बघितलं. खोटं सांगणं सोपं होतं. "एकतीस," तो म्हणाला. "मी हिशेब केलाय. तीन वेळा केलाय."

"म्हणजे दोन वर्षांपूर्वीच."

"हो."

"दोन वर्षं मी सतरंज्या उचलल्या, विल्फकाका."

"हो रे बाळा. माझ्यामुळे."

रेडिओवर कुणी बाई उंच सुरात गात होती. क्रेगनं खुर्ची ओढली आणि विल्फच्या शेजारी धपकन बसला.

"पुढची रेकॉर्ड ऑक्टोबरात येतेय," तो म्हणाला. "तुझ्या दुकानात ठेवायची नाही."

"नाही ठेवणार."

"एकसुद्धा नाही. कुणी कितीही मागितली तरी बर्नलीला पाठवायचं."

"पाठवीन," विल्फ म्हणाला. मग तो थोडा घुटमळला. "पण क्रेग, ग्लेनिस आली तर? तुझ्या आईला मी तोंडावर नाही म्हणू?"

क्रेगनं खोलीच्या पलीकडे आईकडे बघितलं. ती टेबलावर चढून बिंगोवाल्याला नाचायला लावत होती.

"बरं," तो म्हणाला. "आईला एक दे."