सावंतकाकांना टेन्शन द्यायचं नाही

"मॅडम, यांच्यासमोर कामाचं काही बोलू नका हं. टेन्शन येईल," सावंतकाकू माझ्या कानात कुजबुजल्या. काका दोन फुटांवर बसले होते. अटॅक हृदयाला आला होता. कान ठणठणीत होते.

मी विरारच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. हार्ट अटॅकमधून उठलेल्यांना हळूहळू चालवायचं, श्वासाचे व्यायाम शिकवायचे, ताण कमी करायला मदत करायची. याला कार्डिअ‍ॅक रिहॅब म्हणतात. ताण घालवायला मॅनेजमेंटने खास खोली दिली आहे. आत बासरीची टेप लागते आणि पातळ पार्टिशनपलीकडून टोकन नंबर पुकारतात. पेशंट डोळे मिटून श्वास घेतो आणि 'नंबर सत्तेचाळीस' ऐकून सोडतो.

काका कामणच्या एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर. अँजिओप्लास्टी, म्हणजे तुंबलेली रक्तवाहिनी फुग्याने उघडणं, उत्तम झाली होती. तरी महिन्याभरानंतरही नुसतं बसल्या बसल्या नाडी शंभरच्या वर. झोप नाही. डॉक्टरांनी तपासण्या पुन्हा केल्या. सगळ्या नॉर्मल.

"रिलॅक्सेशन वाढवा," डॉक्टर म्हणाले.

"वाढवलंय सर. बासरी आता मलाही पाठ झालीय."

मग काकूंना घरचं विचारलं. मनवेलपाड्याच्या त्या वन-बीएचकेमध्ये शांततेची फारच जय्यत तयारी होती. काकांचा मोबाइल कपाटात. बातम्या बंद. मुलगी, श्रद्धा, फोन आला की बाल्कनीत पळायची. भेटायला येणाऱ्यांना मात्र मोकळीक. प्रत्येक जण शहाळं आणि कुणाच्या तरी दुसऱ्या अटॅकची साग्रसंगीत हकिकत घेऊन यायचा.

पुढच्या वेळी मी काकूंना चहाला पाठवलं. "काका, झोप का लागत नाही?"

त्यांनी आधी काकू गेल्यात ना, हे दाराकडे बघून घेतलं. "मॅडम, खरं सांगा. किती महिने उरलेत माझे?"

"कोण म्हणालं असं?"

"कोणीच काही म्हणत नाही ना! मी खोलीत आलो की सगळे गप्प. आणि बायको इतकं गोड बोलते... तीस वर्षांत असं कधी झालं नाही."

मी श्रद्धाला गाठलं. "काय लपवताय?"

तिचे डोळे भरले. "बाबांच्या जागेवर कंपनीने दुसरा माणूस घेतलाय. बाबांना टेबलावरचं काम देणार आहेत. कळलं तर परत अटॅक येईल ना?"

मी हे डॉक्टरांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "इथेच सांगू दे. आपल्यासमोर."

काकांच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला. श्रद्धाने कसंबसं सांगितलं. मी मशीनकडे बघत होते. त्या क्षणी माझी नाडी कोणी मोजली असती, तर मलाच अ‍ॅडमिट केलं असतं.

"एवढंच?" काका म्हणाले. मग ओरडले, "महिनाभर मी मनात स्वतःचं तेरावं घालतोय आणि तुम्ही नोकरीचं लपवताय?"

काकू रडायला लागल्या. काकांचा आवाज खाली आला. "अगं, सांगायचं ना. एकट्याला लय भीती वाटत होती."

बीपी वर गेलं आणि दहा मिनिटांत उतरलं. त्या दिवशी काका जेवून जे झोपले ते सकाळीच उठले. पंधरा दिवसांत नाडी ऐंशीवर आली. नोकरीचं वाईट वाटलंच. दोन सेशन त्यांनी मॅनेजरला शिव्या घालण्यातच घालवली. पुढे डॉक्टरांच्या परवानगीने टेबलावरचं काम घेतलं.

आता नवा पेशंट आला की मी आधी नातेवाइकांना बाजूला घेते आणि एकच प्रश्न विचारते, "काय लपवताय?" आजवर 'काही नाही' हे उत्तर एकदाही खरं निघालेलं नाही.