टेंभुर्णीजवळचं पांढरं शेत

सोलापूरला जायचं ठरलं ते सुमनच्या बोलण्यावरून. "आमच्या शेतातला भुईमूग पांढरा पडलाय, आणि त्यापायी रखमावहिनीला कायमचं माहेरी धाडायला निघालेत," ती म्हणाली. सुमन माझी मैत्रीण. गाव टेंभुर्णीजवळ, नोकरी सोलापूरच्या एका कॉलेजात शिकवण्याची. रखमा तिच्या चुलतभावाची बायको. मी पुण्यात सूक्ष्मजीवांवर संशोधन करत होते. ते लोह कसं मिळवतात, हाच माझा विषय. सत्तरचं दशक सरत आलं होतं. रजा टाकली आणि गाडीत बसले.

सुमनची खोली भवानी पेठेत. स्टेशनवरून टांगा मिळाला. गल्लीभर मागांची खटखट चालू होती, जिन्यावर बायका तेलुगूत बोलत होत्या. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही खाऊन झोपलो.

सकाळच्या एस.टी.नं टेंभुर्णी. तिथून पुढे पायी. (तुम्ही जाणार असाल तर मार्चनंतर नको, आम्ही मार्चातच गेलो होतो, तरी दहा वाजताच डोळ्यांपुढे पांढरं झालं.) पण ते ऊन नव्हतं. ते शेत होतं.

आजूबाजूला हिरवं, आणि मधोमध कागदासारखी पानं. झाडं मेलेली नव्हती. वाऱ्यावर हलत होती, पण रंगच नव्हता. फक्त बांधाला लागून, जिथे हराळी माजली होती, तिथल्या भुईमुगाची एक ओळ हिरवीगार होती. कुणी रेघ ओढावी तशी. पाणी आणायला निघालेल्या दोन बायका आम्हाला पाहून थांबल्या आणि शेताला लांबून वळसा घालून गेल्या.

"हितं कुणी पाय ठिवत न्हाय आता," सुमनची काकू, म्हणजे रखमाची सासू, म्हणाली. "हिनं पेरलं आन् असं झालं. हिचा हातच तसला हाय."

रखमा बांधापलीकडे उभी होती. विशीतली असेल. नवरा ट्रकवर, महिना महिना बाहेर.

मी माती उचलली, कुपीतलं थोडं आम्ल टाकलं. माती फसफसली. चुनखडी. अशा मातीत लोह भरपूर असतं, पण चुन्यानं जखडलेलं. मुळांच्या हाती लागत नाही, आणि लोहाशिवाय पान हिरवं होत नाही. मी हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, बरोबर आणला होता. तो रुंद तोंडाच्या बाटलीत पाण्यात विरघळवला आणि रखमाला बोलावलं.

"यात बोट बुडवून पानांना लावा."

"मी नको, ताई. आनकी काय झालं तर?"

"तुम्हीच लावा."

तिनं सासूकडे पाहिलं, मग बोट बुडवलं. एकेका पानावर टेकवत गेली. काकू पदर तोंडाशी धरून बघत राहिली.

मातीची पुडी घेऊन आम्ही सोलापूरला परतलो. सुमनच्या प्रयोगशाळेत लोह जवळजवळ नसलेल्या खाद्यावर ती माती पेरली. दोन दिवसांनी पडदे ओढून अतिनील दिवा लावला, आणि सुमन माझा दंड धरून मागे सरली. बशांमधले ठिपके हिरवट-पिवळे पेटले होते. भरदुपारच्या त्या अंधारात कुणीतरी आपल्याकडे बघतंय असं वाटत होतं.

"हे काय आहे?"

"भूक," मी म्हणाले. लोहासाठी उपाशी असलेले हे जीव एक द्रव्य बाहेर सोडतात. ते मातीतल्या लोहाला धरतं, आणि जीव त्याला लोहासकट परत आत घेतो. सिडरोफोर म्हणतात त्याला. यांचं द्रव्य चमकतं. ज्या बशीत मी लोह घातलं होतं, ती काळीच राहिली. तिथे भूकच नव्हती. काही गवतांची मुळंही असलं काही सोडतात, असं तेव्हा नुकतं कळू लागलं होतं. हराळीनं सोडवलेलं लोह शेजारच्या भुईमुगाला मिळालं असावं, असा माझा तर्क होता.

आठवड्यानं पुन्हा टेंभुर्णी. पांढऱ्या पानांवर हिरवे ठसे उमटले होते. बोटाच्या पेराएवढे, जिथे जिथे रखमानं बोट टेकवलं तिथेच. कारण माहीत असूनही माझ्या अंगावर काटा आला.

पण घरासमोर पाहिलं ते जास्त भयंकर होतं. आजारी पोरं कडेवर घेऊन बायका ओळीनं बसल्या होत्या. रखमानं हात लावावा म्हणून. काकूनं तिला कोऱ्या पाटावर बसवलं होतं, कपाळभर कुंकू लावलं होतं.

मला पाहताच रखमा उठली. "ताई, पांढरं झालं तवा घालवत हुते. आता सोडत न्हाईत. ती पान्याची बाटली द्या."

बाटली घेऊन ती शेताकडे निघाली. बायका मागोमाग गेल्या. बांधावर थांबून ती वळली. "हातात काय न्हाय, ह्या पाण्यात हाय. आत्याबाई, आदी तुमी बुडवा."

"मी कशाला गं?"

"बुडवा की."

काकूनं मागच्या बायकांकडे पाहिलं. मग वाकली, बोट बुडवलं आणि पानाला लावलं. मग एकेक बाई शेतात उतरली. आजारी पोरांना सुमननं संध्याकाळच्या आत टेंभुर्णीच्या डॉक्टरकडे नेलं.

मी पुण्याला आले. बशांवर पुढे बरंच काम केलं. दिवा लावताना अंधाऱ्या खोलीत एकटी थांबायचं मात्र कायम टाळलं. पावसाळ्याआधी सुमन आली. शेतावर हिराकस फवारला, पीक बेताचं आलं, रखमा घरीच आहे, आता नवऱ्याला दर आठवड्याला यायला लावते, असं सांगत होती.

"आणि ते ठसे?"

"चार दिवसांत सगळ्यांचेच सारखे हिरवे झाले," सुमन म्हणाली. "काकू रोज जाऊन आपला शोधायची. तिला काही तो वेगळा ओळखता आला नाही."