धरणगावला चढणारा माणूस

राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेऊन घरी आले आणि नवऱ्याला सांगितलं, "या उपवासकाळात शुक्रवारी माझा फोन बंद राहील. कपाटात ठेवून जाईन."

तो जेवता जेवता थांबला. "जाईन म्हणजे? कुठे?"

"धुळ्याला, आईकडे. तिच्यासोबत चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेची प्रार्थना करीन आणि शनिवारी परत येईन."

"मग फोन सायलेंटवर ठेव. बंद कशाला?"

मी जळगावात घरी बसून शाळेच्या पुस्तकांची पानं कॉम्प्युटरवर तपासते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडद्यापासून लांब राहा म्हणून बजावलं होतं. फादरही प्रवचनात म्हणाले होते की मांस सोडणं सोपं आहे, हातातलं यंत्र सोडून बघा. दोघांचं एकदम ऐकावं असं मला वाटलं. नवऱ्याला मात्र ते पटेना. पुण्याहून लेकीने फोन करून विचारलं, "आई, काही लपवतेयस का?" महामार्गाने थेट जाणारी गाडी सोडून मी धरणगाववरून अमळनेर आणि तिथून दुसरी एसटी धरणार, हे कळल्यावर तर तिचा संशय आणखी वाढला.

मला तो लांबचा रस्ता आवडतो. पाळधी गेलं की गाडी रमतगमत चालते. वेचून झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या बांधावर रचलेल्या असतात, कुठे दादर ज्वारी कापायला आलेली असते. पहिल्या शुक्रवारी खिडकीशी बसून मी पदराखाली क्रुसाची जपमाळ ओढत होते. हल्ली चारचौघांत ती उघड धरायला मन धजत नाही. आमच्यासारख्यांकडे लोक कधी कसे बघतील याचा भरवसा वाटत नाही.

धरणगावला एक माणूस चढला. साठी उलटलेला, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. समोरच्या बाकावर बसला आणि वळून माझ्या हाताकडे बघू लागला. मी पदर पुढे ओढला. अमळनेरला मी गाडी बदलली, तर तोही त्याच धुळ्याच्या गाडीत. धुळ्याच्या स्टँडवर आई मला घ्यायला आली होती. तिला पाहून तो जागच्या जागी उभा राहिला आणि आम्ही रिक्षात बसेपर्यंत हलला नाही.

पुढच्या शुक्रवारी तो पुन्हा होता. या वेळी माझ्याच बाकावर, मध्ये पिशवी ठेवून.

"अक्का, तुमनाकडे मोबाईल नही शे का?"

"आहे. घरी."

"घर का बरं?"

मी खिडकीची काच सरकवली. थोड्या वेळाने म्हणाला, "धुळाले कोन शे तुमनं?"

"नातेवाईक," एवढंच मी म्हणाले आणि बाहेर बघत राहिले. मी दर शुक्रवारी पिशवी घेऊन कुठे जाते, कुणाला भेटते, याची खबर काढायला कुणी याला पाठवलं असेल का? माझ्या पिशवीत साडी, चष्मा आणि आईसाठी केळीचे वेफर्स होते. तरी ती मी मांडीवर घेऊन घट्ट धरली. धुळ्याला उतरल्यावर मुद्दाम फळांच्या गाड्यांकडे वळले आणि संत्री निवडायच्या निमित्ताने मागे पाहिलं. तो स्टँडच्या फाटकाशी उभा होता. फोन असता तर त्याच क्षणी नवऱ्याला लावला असता.

रात्री आईला सांगितलं. ती म्हणाली, "विचार ना त्यालाच, काय पाहिजे म्हणून."

तिसऱ्या शुक्रवारी अमळनेरच्या स्टँडवर, दिवसाउजेडी, चार माणसं आजूबाजूला बघून मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "भाऊ, तुम्ही माझ्या मागे का येता?"

तो दचकला. मग इकडेतिकडे बघत त्याने बंडीच्या खिशातून प्लॅस्टिकची पुडी काढली. आत पांढऱ्या मण्यांची जपमाळ होती. माझ्या पदराखाली होती तशीच.

"मनी बायको धुळाना दवाखानामा व्हती," तो म्हणाला. "तठेच गई. तुमनी माय तिनाजवळ येई बसे. हाई तिना उशीखाल निंघनं. मना पोरेसले म्हाईत नही."

आई चर्चमधल्या बायकांबरोबर दवाखान्यात रुग्णांना भेटायला जाते, हे मला ठाऊक होतं. त्या पहिल्या शुक्रवारी तो धुळ्याला भाचीकडे निघाला होता. माझ्या हातातले मणी पाहून तो चमकला आणि स्टँडवर आईला पाहून त्याने तिला ओळखलं. पण तिच्यासमोर जायचा धीर होईना, म्हणून दर शुक्रवारी माझीच गाडी धरत होता.

"येक खरं सांगा, अक्का," तो हळूच म्हणाला. "तिले तुमना धर्ममा लिधं का?"

माझी नजर त्याच्या दुसऱ्या खिशाकडे गेली. तिथे फोनचा चौकोन दिसत होता. हे सगळं तो रेकॉर्ड करत असेल तर? "आईलाच विचारा," एवढं म्हणून मी गाडीत चढले. तो मागोमाग चढला. धुळ्याला तो माझ्यासोबत आईच्या घरी आला.

आईने त्याला लगेच ओळखलं. "तुम्ही रात्री दवाखान्याच्या जिन्यावर झोपायचात," ती म्हणाली. त्याला पाणी दिलं, बसवलं. त्याने पुडी उघडून माळ टेबलावर ठेवली आणि तोच प्रश्न विचारला.

"नाही, भाऊ," आई म्हणाली. "दुखायला लागलं की ती माझा हात आवळायची. मी उठून जायची वेळ झाली की सोडायची नाही. म्हणून ही दिली, धरायला. मुक्ताईनगरचं माहेर ना तिचं? एकेक मणी ओढत ती मुक्ताईचं नाव घ्यायची. मी शेजारी बसून माझ्या मरियामातेचं घेत होते."

"हाई हातमा धरीसन सांगा."

"माळेवर हात ठेवून मी शपथ घेत नाही. नाही म्हणजे नाही."

त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं. मग माळ पुडीत घातली, पुडी खिशात ठेवली आणि चहा न घेताच निघाला. आईने थांबवलं नाही.

दार लागल्यावर मी तिला विचारलं. विचारल्याशिवाय राहवलं नाही. मरणाच्या दारातल्या माणसाच्या कपाळावर आमच्यातलं कुणीही पाणी घालून बाप्तिस्मा देऊ शकतं, हे मला माहीत होतं, आणि आईची श्रद्धा किती हट्टी आहे तेही. "आई, तू खरंच काही केलं नाहीस ना?"

ती चहाचे कप उचलत होती. "तूसुद्धा?" म्हणाली. कप खाली ठेवले. "शेवटच्या दिवशी मनात आलं होतं. पाण्याचा ग्लास हातात घेतलासुद्धा. पण तिने मागितलं नव्हतं. मग नुसते तिचे ओठ ओले केले आणि ग्लास ठेवून दिला." तिचे डोळे भरले होते. "ते बरोबर केलं की चूक, हे मी अजून फादरांनाही विचारलेलं नाही."

त्या संध्याकाळी क्रुसाच्या वाटेवर आई प्रत्येक स्थानाशी गुडघे टेकत होती. मी शेजारी होते, पण तिच्याकडे बघायचं टाळत होते.

पुढच्या शुक्रवारी तो माणूस धरणगावला चढला. माझ्या बाकावर न बसता पुढे जाऊन ड्रायव्हरच्या मागे बसला. अमळनेरला मी रसवंतीत उभी असताना जवळ आला.

"तुमनी मायनं सांगनं सगळं पटनं नही," तो म्हणाला. "पन त्या राती झोप लागनी."

त्याला धुळ्याची गाडी पकडायची घाई आज नव्हती. रसाचा ग्लास संपवून तो धरणगावच्या परतीच्या गाडीकडे चालू लागला.